पत्रं वाचणारा यजमान

गेल्या अंकात जगभरच्या निवेदकांविषयी लिहिताना आयर्लंडच्या गे बर्न यांना मी चार ओळींत उरकलं होतं. त्या चार ओळींवर इतकी पत्रं आली की या महिन्याचं सदर त्यांच्याच नावे. (नावावरून विनोद करणारी दोन पत्रं बाजूला ठेवली आहेत. ‘गेब्रिएल’चं ते घरगुती रूप. सारा देश त्यांना ‘गेबो’ म्हणायचा.)

प्रश्न : ताई, माझी मुलगी डब्लिनला असते. तिच्या बाळंतपणासाठी मी पाच महिने तिकडे राहून आले. शेजारच्या दोन आयरिश आजी बाळाला बघायला यायच्या. एकदा टीव्हीवर जुनं काहीतरी लागलं आणि एक आजी म्हणाली, “गेबोनं आम्हाला बोलायला शिकवलं.” दुसरीनं कप बशीत असा काही आपटला की बाळ दचकलं. म्हणाली, “आणि ॲनीला गप्प करायला कोण निघालं होतं?” मग दोघी हवापाण्यावर बोलायला लागल्या. मला पुढे विचारायचा धीर झाला नाही. ही ॲनी कोण? आणि दोघींत खरं कुणाचं?

उत्तर : तुमच्या आजींचं भांडण मला मिटवता यायचं नाही. मी एकटी असले तरी तेच भांडण माझ्याशी करत असते.

आधी माणूस सांगते. जन्म १९३४, डब्लिन. वडील गिनेस बिअरच्या कारखान्यात कामाला, शाळा ख्रिश्चन ब्रदर्सची. आयर्लंडचं दूरदर्शन, म्हणजे आरटीई, सुरू झालं १९६१ च्या ३१ डिसेंबरला आणि पुढच्याच जुलैत, उन्हाळ्यापुरता म्हणून, ‘द लेट लेट शो’ हा गप्पांचा कार्यक्रम सुरू झाला. गेबोंचा तो उन्हाळा १९९९ च्या मे महिन्यापर्यंत लांबला! मधला थोडा काळ सोडला तर सगळी वर्षं सूत्रधार गेबोच, आणि पडद्यामागची निर्मितीही बराच काळ त्यांचीच. शिवाय १९७३ पासून पंचवीस वर्षं रोज सकाळी रेडिओ.

आता त्या देशाची त्या वेळची गत बघा. गर्भनिरोधकांची विक्री बेकायदा. घटस्फोट घटनेनंच निषिद्ध, तो १९९५ च्या सार्वमतापर्यंत. पुरुषांचे समलिंगी संबंध १९९३ पर्यंत गुन्हा. आणि या साऱ्यावर चर्चचा हात. अशा घरात आठवड्यातून एकदा टीव्हीवर हा शो लागायचा आणि आईवडील, आजी, मुलं एकाच खोलीत बसून बघायची. १९७१ मध्ये तिथे स्त्रीमुक्तीवाल्या बायका येऊन भांडल्या. १९८० मध्ये जोनी क्रोन या तरुणीनं आपण समलिंगी आहोत हे कॅमेऱ्यासमोर सांगितलं. १९९२ मध्ये क्रिस्टीन बकली रेडिओवर आल्या आणि गोल्डनब्रिजच्या अनाथाश्रमात जोगिणींच्या हाताखाली बालपण कसं गेलं, ते त्यांनी सांगितलं. पहिल्या आजीचं म्हणणं हे असं आहे, आणि ते पोकळ नाही.

पण मला विचाराल तर गेबोंचा सगळ्यात मोठा दिवस टीव्हीवरचा नाहीच.

३१ जानेवारी १९८४. लाँगफर्ड परगण्यातलं ग्रॅनार्ड गाव. ॲन लव्हेट ही पंधरा वर्षांची शाळकरी मुलगी चर्चजवळच्या मेरीमातेच्या पुतळ्यापाशी, थंडीपावसात, एकटीच बाळंत झाली. बाळ गेलं आणि त्याच दिवशी तीही गेली. गाव गप्प. आपल्याला काही माहीत नव्हतं, एवढंच जो तो म्हणे. गेबोंच्या रेडिओ कार्यक्रमात हा विषय निघाला आणि पत्रं यायला लागली. देशभरच्या बायकांची. कुणी चाळीस वर्षांपूर्वीचं बाळंतपण लिहिलं होतं, कुणी गुपचूप पुरलेलं बाळ, कुणी नवऱ्यालाही आजवर न सांगितलेली गोष्ट. २३ फेब्रुवारीला बर्न यांनी सगळा कार्यक्रम या पत्रांना दिला. ते आणि त्यांचे सहकारी एकामागून एक पत्र वाचत गेले. पत्रांवर शेरा नाही.

मी स्वतः एकोणीस वर्षं रेडिओवर श्रोत्यांची पत्रं वाचली आहेत, म्हणून थोडं आतलं सांगते. पत्र वाचणं सोपं. पत्र संपल्यावर गप्प राहणं महाकठीण. पुढचा कागद उचलेपर्यंत जे दोन-तीन सेकंद असतात, त्यात निवेदकाचा जीव तडफडतो. काहीतरी बोलावंसं वाटतं. ‘किती दुःखद!’ असं एक वाक्य टाकलं की आपण भले माणूस ठरतो आणि पत्र लिहिणारी बिचारी ठरते. मी हे पाप कितीदा केलंय. त्या दिवशी गेबोंनी ते केलं नाही. त्या बायकांना त्यांनी बिचाऱ्या होऊ दिलं नाही.

आता दुसऱ्या आजीची ॲनी.

ॲनी मर्फी ही अमेरिकन बाई. घटस्फोटानंतर १९७३ मध्ये आयर्लंडला आली आणि लांबचे नातेवाईक असलेल्या बिशप एमन केसी (म्हणजे ब्रह्मचर्याचं व्रत घेतलेले कॅथलिक धर्मगुरू) यांच्याकडे राहिली. दोघांचे संबंध जुळले, १९७४ मध्ये मुलगा झाला, पीटर. केसी हे चर्चचं हसरं, लाडकं तोंड. लेट लेट शोचेही पाहुणे. १९९२ च्या मे महिन्यात बातमी फुटली आणि त्यांनी पद सोडून देश सोडला. मुलासाठी म्हणून दिलेले ७०,६६९ आयरिश पौंड धर्मप्रांताच्या तिजोरीतून आले होते, तेही बाहेर आलं. (पुढे ते भरले गेले.)

२ एप्रिल १९९३ च्या शुक्रवारी ॲनी लेट लेट शोमध्ये आली. प्रेक्षकांत केसींचे चाहते होते, त्यांची धार समजण्यासारखी. यजमानाचा सूर मात्र पाहुणीशी बोलणाऱ्याचा नव्हता, साक्षीदार तपासणाऱ्या वकिलाचा होता. शेवटी बर्न म्हणाले, तुमचा मुलगा वडिलांच्या निम्म्यानं जरी चांगला निघाला, तरी फारसं वाईट नाही. ती म्हणाली, मीही काही इतकी वाईट नाही, मिस्टर बर्न. आणि उठून चालायला लागली.

तिच्या वाक्यातला तो ‘मीही’ ऐका. बापाच्या चांगुलपणावर ती वाद घालत नाही, फक्त त्याच्या शेजारी स्वतःला उभी करते. आणि सगळ्या देशाचा गेबो, तो तिच्यासाठी ‘मिस्टर बर्न’. मला इतकं नेमकं वाक्य घरी शांतपणे बसूनही लिहिता आलं नसतं. ती कॅमेऱ्यासमोर, अपमान गिळताना बोलली.

केसी २०१७ मध्ये वारले. त्यांच्यावर लहान मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराचे आरोप होते आणि व्हॅटिकननं २००७ मध्येच त्यांच्या सार्वजनिक धर्मकार्यावर बंधनं घातली होती, हे २०२४ मध्ये आरटीईच्याच माहितीपटानं सविस्तर लोकांसमोर आणलं. बर्न त्याआधीच, २०१९ मध्ये, गेले होते. १९९३ मध्ये त्यांना यातलं काही ठाऊक होतं असं मी म्हणत नाही. पण ‘निम्म्यानं जरी चांगला’ हे शब्द आता पुन्हा ऐकून बघा, म्हणजे कप का आपटला ते कळेल.

तेव्हा ताई, माझा हिशेब असा : दुसऱ्यांचे शब्द वाचताना हा माणूस सगळ्यात मोठा होता, आणि एका बाईविषयी स्वतःचं मत देताना सगळ्यात खुजा. ‘शिकवलं’ हा शब्द तेवढा मला खटकतो. बोलायचं काय ते बायकांना येत होतं. त्यांनी माइक दिला, हे मोठंच, पण माइकच दिला.

प्रश्न : एका बाईच्या नाइटीवरून तिथे बिशप खवळले होते म्हणे. ही दंतकथा की खरं?

उत्तर : शंभर टक्के खरं! १२ फेब्रुवारी १९६६. लेट लेट शोमध्ये नवरा-बायकोंचा खेळ चालला होता : एकाला बाहेर पाठवायचं, दुसऱ्याला प्रश्न विचारायचा, मग उत्तरं जुळतात का बघायचं. प्रश्न आला, मधुचंद्राच्या पहिल्या रात्री नाइटीचा रंग कोणता होता? नवरा म्हणाला, पारदर्शक. बायको हसत म्हणाली, घातलीच नव्हती बहुतेक. आणि मग जरा सावरून : पांढरी असावी. लोक पोट धरून हसले, खेळ पुढे गेला.

क्लनफर्टचे बिशप थॉमस रायन घरी कार्यक्रम बघत होते. ते हसले नाहीत. बातमी वृत्तपत्राकडे गेली, दुसऱ्या दिवशी लॉक्रीच्या कॅथेड्रलमध्ये प्रवचन झालं, नगरपालिकेनं निषेध केला, आरटीईनं दिलगिरी व्यक्त केली. मला यातली ‘पांढरी असावी’ ही दुरुस्ती सगळ्यात आवडते. अख्ख्या देशाची धाकधूक त्या दोन शब्दांत आहे. ‘टेलिव्हिजन येण्याआधी आयर्लंडमध्ये सेक्स नव्हता,’ हे वाक्य खासदार ऑलिव्हर फ्लॅनगन यांच्या नावावर आहे. ते विनोद म्हणून बोलले नव्हते.

प्रश्न : मी पत्रकारितेचा विद्यार्थी आहे. तुम्ही मुलाखतकाराच्या गप्प बसण्याचं कौतुक करता. समोर सत्ताधारी असेल तर गप्प बसणं हा भित्रेपणा नाही का?

उत्तर : जानेवारी १९९९ ची मुलाखत काढून बघ. समोर पाड्रिग फ्लिन, माजी मंत्री, त्या वेळी युरोपीय आयुक्त. गडी रंगात आला होता. तीन-तीन घरं चालवायची म्हणजे काय ताप असतो, हे तो साऱ्या करदात्यांना सांगत सुटला. बर्न यांनी अडवलं नाही. मग टॉम गिलमार्टिन या बिल्डरचा विषय निघाला. त्याची तब्येत बरी नाही, बायकोचीही बरी नाही, असं काहीबाही फ्लिन बोलून गेला. गिलमार्टिन इंग्लंडमध्ये होता. ते ऐकून तो पेटला, आणि १९८९ मध्ये पक्षासाठी म्हणून फ्लिनला दिलेल्या ५०,००० पौंडांच्या चेकची गोष्ट त्यानं चौकशी आयोगापुढे मांडली. फ्लिननं ते पैसे गैरमार्गानं, भ्रष्टपणे मागितले होते असा निष्कर्ष आयोगानं २०१२ मध्ये काढला. कोणत्या करड्या प्रश्नानं हे साधलं असतं? मान डोलावणाऱ्या म्हाताऱ्या यजमानासमोर माणूस बेसावध होतो.

आणि उलट उदाहरण हवं असेल तर १९९४. आयआरए या सशस्त्र संघटनेशी जवळीक असलेल्या शिन फेन पक्षाचे नेते गेरी ॲडम्स पहिल्यांदा लेट लेट शोमध्ये आले, बर्न यांनी हात मिळवला नाही. आयआरएच्या बॉम्बनी माणसं मेली होती, तेव्हा राग खराच होता. पण निवेदकानं राग दाखवला की पाहुण्याला काही न करता सहानुभूती मिळते. त्या रात्री तसंच झालं असं माझं मत. तू सहमत नसशील तर लिही, छापू.

भित्रेपणा म्हणशील तर तो मला ॲनीच्या मुलाखतीत दिसतो. तिथे ते गप्प नव्हते. नको तिथे बोलत होते.

प्रश्न : एवढी वर्षं टीव्हीवर, म्हणजे पैशाची चंगळ असणार?

उत्तर : कमाई चांगली होती. पण घरच्यासारख्या असलेल्या हिशेबनिसावर डोळे मिटून विश्वास टाकला. तो १९८४ मध्ये वारला, आणि मग कळलं की साठवलेले पैसे जाग्यावर नाहीत. त्याच वर्षी सकाळी उठून रेडिओवर त्या बायकांची पत्रं वाचली जात होती, हे माझ्या मनातून जात नाही. एवढंच.

प्रश्न : त्यांच्या पत्नीही याच क्षेत्रातल्या होत्या का?

उत्तर : होत्या, आणि त्यांच्या आधी पोचल्या होत्या! कॅथलीन वॉटकिन्स. ३१ डिसेंबर १९६१ ला वाहिनी सुरू झाली त्या रात्री निवेदिका म्हणून पडद्यावर त्या होत्या. हार्प वाजवायच्या, गायच्या. लग्न १९६४ मध्ये झालं. त्यांच्यावर चार ओळींपेक्षा जास्त लिहायला हवं, ही जाणीव मला आहे.

प्रश्न : हे सगळं कुठे बघता-ऐकता येईल? सुरुवात कशापासून करू?

उत्तर : आरटीईच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर बरेच तुकडे मिळतात. बहुतेक लोक ॲनी मर्फीपासून सुरुवात करतात. तुम्ही १९८४ च्या पत्रांपासून करा. उच्चार सुरुवातीला जड जातील, दहा मिनिटांत कान बसतो. फक्त ऐकताना भाजी निवडायला घेऊ नका. मी घेतली होती. निम्म्या पत्रांनंतर बघितलं तर देठ ताटात आणि पानं कचऱ्यात.