सिम्युलेशनमध्ये स्वच्छ, लॅबमध्ये नापास

प्रश्न : सर, फायनल इयरला आहे, प्रोजेक्ट म्हणून ६५ किलोहर्ट्झचा बूस्ट पीएफसी (मेन्समधून घेतलेला करंट सुधारणारा, व्होल्टेज चढवणारा कन्व्हर्टर) केलाय, आउटपुट ४०० व्होल्ट. एलटीस्पाइस या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये फिल्टर लावून मेन्सकडे जाणारा नॉइज मर्यादेच्या कितीतरी खाली दिसत होता, पण लॅबमध्ये लिझन (हा नॉइज मोजण्यासाठी मेन्सच्या तारांत लावायचं सर्किट) लावून मोजला तर सरळ फेल. मॉडेलमध्ये काय चुकलं?
– एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : तुझं सर्किट बहुतेक बरोबरच असणार, चूक आहे ती तू न काढलेल्या सर्किटमध्ये. मॉसफेट, म्हणजे स्विचिंग करणारा ट्रान्झिस्टर, हीटसिंकवर कसलायस ना, मधे इन्सुलेशनचा पातळ पॅड? मॉसफेटच्या पाठीवरचा पत्रा म्हणजे ड्रेन (त्याचं स्विच होणारं टोक), समोर हीटसिंक, मधे पॅड, झाला की कपॅसिटर! साधारण ५० पिकोफॅरड धर. आता ड्रेनवर ४०० व्होल्ट ४० नॅनोसेकंदात चढतात-उतरतात, म्हणजे नॅनोसेकंदाला १० व्होल्ट, गुणिले ५० पिकोफॅरड, म्हणजे प्रत्येक स्विचिंगला अर्धा अँपिअरचा टोचा हीटसिंकमधून अर्थिंगला जातो आणि लिझनमधून फिरून परत येतो. हा कॉमन मोड, म्हणजे मेन्सच्या दोन्ही तारांतून एकाच दिशेने आणि अर्थिंगमधून उलट वाहणारा नॉइज. टोचा क्षणभराचाच असतो, त्यामुळे एकेका हार्मोनिकच्या (६५ किलोहर्ट्झच्या पटीतल्या फ्रिक्वेन्सीच्या) वाट्याला काही मिलिअँपिअरच येतात, पण घरगुती उपकरणांना ०.५ ते ५ मेगाहर्ट्झमध्ये क्वासी-पीक (टोचे किती मोठे आणि किती वेळा येतात हे दोन्ही धरणारं मोजमाप) मर्यादा आहे ५६ डीबी मायक्रोव्होल्ट, म्हणजे लिझनच्या ५० ओहमवर जेमतेम १३ मायक्रोअँपिअर. शंभरपटीचा फरक आहे रे, आणि तुझ्या स्कीमॅटिकमध्ये हा ५० पिकोफॅरड नाहीच.

दुसरं म्हणजे फिल्टरचे पार्ट. तू आयडियल घेतले असशील, सगळेच घेतात, मीही घ्यायचो. ०.४७ मायक्रोफॅरडच्या एक्स कपॅसिटरला (मेन्सच्या दोन तारांमधल्या) पाय आणि ट्रॅक धरून २० नॅनोहेन्री असले तरी १.६ मेगाहर्ट्झच्या वर तो कपॅसिटर राहत नाही, इंडक्टरसारखा वागतो. कॉमन मोड चोकचं (कॉमन मोड अडवणाऱ्या कॉइलचं) उलटं, वाइंडिंगमधल्या कपॅसिटन्समुळे वरच्या फ्रिक्वेन्सीला नॉइज त्याला बायपास करून जातो. सिम्युलेशनमधला फिल्टर मात्र ३० मेगाहर्ट्झपर्यंत भिंतीसारखा उभा, मग काय, पास!

माझं ऐकशील तर अख्खा कन्व्हर्टर मॉडेल करत बसू नकोस. मॉसफेट काढ, त्याजागी ट्रॅपिझॉइडल (तिरक्या कडांचे पल्स देणारा) व्होल्टेज सोर्स ठेव, राइज टाइम स्कोपवर ड्रेन बघून टाक, पुढे ५० पिकोफॅरड आणि मग २५ ओहम (फेज आणि न्यूट्रलचे दोन लिझन कॉमन मोडला पॅरलल येतात म्हणून २५). एवढ्यावर कॉमन मोडचा वरचा अंदाज पाच मिनिटांत मिळतो, मग त्यात फिल्टर त्याच्या पॅरासिटिकसकट (वरच्या २० नॅनोहेन्रीसारख्या नकोशा भागांसकट) टाक. १५० किलोहर्ट्झपासून मोजायचं असल्याने तुझी पहिली अडचण तिसरी हार्मोनिक, १९५ किलोहर्ट्झ. टाइम स्टेप नॅनोसेकंदाच्या आसपास ठेव आणि प्लॉटविनसाइझ ही एलटीस्पाइसची सेटिंग शून्य कर, नाहीतर डेटा कॉम्प्रेस होऊन एफएफटीमध्ये (फ्रिक्वेन्सीनिहाय आलेखात) भलताच कचरा दिसतो आणि आपण तोच ईएमआय, म्हणजे खरा नॉइज, समजून रात्रभर जागतो.

१० मेगाहर्ट्झच्या वर मात्र या मॉडेलवर फार विसंबू नकोस, तिथे लेआउटचंच राज्य. आणि हो, हीटसिंक अर्थला न जोडता डीसी मायनसला जोडून बघ, टोचा आतल्या आत परत जातो आणि कॉमन मोड खाडकन उतरतो. पण मग हीटसिंक लाइव्ह असतो, हात लावायचा नाही, बॉक्सलाही टेकता कामा नये.

प्रश्न : घरात नवीन एलईडी बल्ब लावल्यापासून मीडियम वेव्हवर आकाशवाणी खरखरते, एफएम मात्र ठीक. असं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : वरचंच प्रकरण, छोट्या आकारात. मीडियम वेव्ह साधारण ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ, बल्बमधल्या स्वस्त ड्रायव्हरच्या (एलईडीला वीज पुरवणाऱ्या स्विचिंग सर्किटच्या) हार्मोनिक नेमक्या तिथेच जोरात असतात, एफएमपर्यंत पोचता पोचता त्यांचा जीव जातो. एकेक बल्ब बंद करून बघा, खरखर थांबली की चोर सापडला, तो बदला.