वाचकांचे प्रश्न : आरशातून बाहेर पडलेला तो

प्रश्न : ताई नमस्कार, मी ठाण्याला चरईत राहतो, वय 46. मुलगी 12 वर्षांची आहे, तिला सुट्टीत लॅपटॉपवर आपला जुना प्रिन्स टाकून दिला, प्रिन्स ऑफ पर्शिया, पांढऱ्या कपड्यातला माणूस पळतो तो. मला वाटलं दोन दिवसात कंटाळेल पण ती पार शेवटाजवळ पोचली. आम्ही लहानपणी तिसऱ्या लेव्हलच्या सांगाड्यापुढे कधी गेलोच नाही, शिफ्ट आणि एल दाबून चौथीत जायचो आणि मग टाइम संपायचा. आता तिच्यासमोर प्रिन्ससारखाच दिसणारा सावलीसारखा माणूस तलवार काढून उभा राहतो आणि त्याला मारलं की हीच मरते. रोज रडकुंडीला येते, बाबा काय करू विचारते. नेटवर बघून उत्तर सांगून टाकू का? आणि दुसरं म्हणजे इतकी वर्षं झाली तरी हा गेम माझ्या डोक्यातून जात नाही, असं अजून कुणाला होतं का?

उत्तर : होतं, मला होतं. आणि दादा, प्लीज उत्तर सांगू नका, हे पानसुद्धा तिची ती लेव्हल झाल्यावरच तिच्या हातात द्या.

आमचा क्लास नौपाड्यात होता, गोखले रोडला लागून एका जुन्या बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर, साल 1996. सहा कॉम्प्युटर, मुलं बारा, चप्पल बाहेर काढायची आणि सर शेवटची 15 मिनिटं गेमला द्यायचे. एका कीबोर्डवर दोघी बसायचो, माझ्याकडे बाण आणि शेजारच्या मुलीकडे शिफ्ट, कारण काट्यांच्या जवळ शिफ्ट दाबून एकेक पाऊल टाकावं लागतं आणि मी घाईत थेट काट्यात जायचे. पूर्ण गेमला 60 मिनिटं मिळतात, स्पेस दाबला की किती उरली ते खाली येतं. तुमची शिफ्ट-एलची युक्ती आम्हीपण करायचो, पण त्यात गेम टाइम कापून 15 मिनिटांवर आणतो, म्हणून तुमचं कधीच पूर्ण झालं नाही. मुलीने तसं केलं नाही, सरळ खेळत गेली, हे मला फार आवडलं.

आता तो सावलीचा माणूस. तो आधीपासून गेममध्ये आहे हे तिच्या लक्षात आलंय का विचारा. चौथ्या लेव्हलच्या शेवटी वाटेत आरसा येतो, पळत येऊन त्यातून उडी मारावी लागते, आपण इकडे येतो आणि आपलंच रूप पलीकडे पळून जातं, आणि लाईफ एकच उरते. पाचवीत लाईफ वाढवणारी मोठी बाटली आपल्या आधी तोच पिऊन टाकतो. सहावीत दार आपल्या तोंडावर बंद करतो आणि आपण खाली पडतो. म्हणजे सगळा वेळ आपण त्याच्यावर चिडत चिडत बाराव्या लेव्हलला पोचतो, आणि तिथे तो समोर आल्यावर हात आपोआप तलवारीकडे जातो.

तो तिथे का आला याची गोष्ट मला फार नंतर कळली. जॉर्डन मेकनर नावाच्या मुलाने हा गेम अ‍ॅपल टू कॉम्प्युटरवर जवळपास एकट्याने बनवला, 1989 ला आला. मेमरी इतकी भरली होती की शत्रूची वेगळी चित्रं ठेवायला जागाच उरली नव्हती आणि त्याची मैत्रीण टोमी पिअर्स मागे लागली होती की मारामारी पाहिजे. मग त्याने प्रिन्सचीच चित्रं थोडी सरकवून उलटी उमटवली, नवीन जागा लागली नाही आणि हा माणूस तयार झाला. पहारेकऱ्यांसाठी जागा त्याने नंतर काढली. म्हणजे गेममधला पहिला शत्रू हा हिरोच्याच अंगातून काढलेला आहे, तडजोड म्हणून सुरू झालं आणि तेच गेमचं काळीज होऊन बसलं.

आम्ही तिथे किती वेळा मेलो त्याचा हिशोब नाही. मी नुसती वार करत सुटायचे. माझ्या शेजारची एक दिवस म्हणाली थांब, मारू नको, बघ जरा, आणि तिने बोट स्क्रीनच्या खाली डाव्या कोपऱ्यात ठेवलं जिथे आपले लाल त्रिकोण, म्हणजे आपल्या लाईफ, असतात. मी त्याला एक वार केला, त्याचा त्रिकोण गेला आणि आपलाही गेला. परत केला, परत तेच. मग तिने माझा हात बाजूला केला आणि खालचा बाण दाबला. प्रिन्सने तलवार म्यान केली. समोरच्यानेही केली. आम्ही चालत चालत त्याच्यात गेलो आणि दोघं एक झालो, आणि क्लासमध्ये कोणी काही बोललं नाही. नंतर डावीकडे कड्यावर जमीन संपते तिथे तशीच पळत सुटलो आणि पायाखाली लादी उमटत गेली, ती आधी तिथे नव्हती.

2014 मध्ये आमची नौपाड्याची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली तेव्हा भाऊ आणि मी महिनाभर फोनवर भांडत होतो, आईचा हिस्सा, भाडं, कुठला मजला, सगळं. एका रात्री मी असं एक वाक्य बोलणार होते की ते त्याला नक्की लागलं असतं, आणि खरं सांगते मला तो डावा कोपरा दिसला, माझ्या बाजूचा त्रिकोण. मी फोन ठेवला आणि सकाळी टीएमटीची बस पकडून त्याच्या घरी गेले. एका गेमने तसं केलं असं लोकांना सांगायला मला अजिबात लाज वाटत नाही.

तर मुलीला एवढंच सांगा की तू त्याला मारतेस तेव्हा खाली डावीकडे बघ. बाकी ती करेल. आणि कड्यावरून पळायची वेळ येईल तेव्हा शेजारी बसा.

प्रश्न : ताई, मी नेरुळला अ‍ॅनिमेशन शिकते. इतक्या जुन्या गेममध्ये तो माणूस एवढा खरा कसा पळतो? आत्ताचे कितीतरी गेम बघते पण तसं वजन जाणवत नाही.

उत्तर : कारण तो खराच पळालाय गं. मेकनरने 1985 मध्ये धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला, लोंबकळायला लावलं आणि व्हिडिओ काढला. मग टीव्हीवर एकेक फ्रेम थांबवून फोटो काढले, प्रिंटवर काळ्या मार्करने आणि व्हाइटनरने बाहेरची रेघ पक्की केली आणि ते कॉम्प्युटरमध्ये घातलं. तलवारबाजीसाठी 1938 च्या रॉबिन हूड सिनेमातलं शेवटचं द्वंद्व घेतलं. तू बघ, तो थांबताना लगेच थांबत नाही, पाय घसरतो, शरीर पुढे जातं आणि मग सावरतो, त्यामुळे हात घाई करतो आणि आपण पडतो, पण तेच वजन तू म्हणतेस ते. संगीत त्याच्या वडिलांचं, फ्रान्सिस मेकनर यांचं. आणि मूळ कोडच्या हरवलेल्या फ्लॉपीही 2012 मध्ये वडिलांनाच घरच्या कपाटात मागे सापडल्या, मेकनरने तो कोड सगळ्यांसाठी खुला केला. अ‍ॅनिमेशन शिकतेस तर खेळ, आधी तलवार न काढता नुसतं एक लेव्हल पळून बघ, शिफ्ट धरून आणि सोडून.