नववीतल्या मुलीला आत्ताच आयल्ट्स किंवा सी वन द्यायला लावायची का?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. आधी थोडक्यात लिहितो, म्हणजे मला नीट समजलंय की नाही ते तुम्हालाही कळेल. लेक सेमी इंग्लिशमधे नववीत, आठवीला इंग्रजीत १०० पैकी ९२, पुढे बाहेरच्या देशात शिकायला जायचं तिच्या मनात आहे. तुमच्याकडच्या एका क्लासच्या सेमिनारला गेलात तिथे सांगितलं की दहावीच्या आत ॲडव्हान्स्ड इंग्लिशचं सर्टिफिकेट काढून ठेवा, मग फॉरेनचं ॲडमिशन झालंच समजा. शनिवार-रविवार एकेक तास, वर्षाची फी ३८ हजार, आयल्ट्सची, म्हणजे परदेशी विद्यापीठं मागतात त्या इंग्रजीच्या परीक्षेची, तयारी वरून फ्री, आणि घरात मराठी कमी करून इंग्रजीच बोला असाही सल्ला. तुम्ही विचारलंय, भरू का पैसे?

माझं उत्तर, यावर्षी नका भरू. आयल्ट्स तर आत्ता अजिबात नको, सी वन, म्हणजे सेमिनारमधलं ते ॲडव्हान्स्ड, तेही नको. बी टू नावाची शाळेतल्या मुलांची परीक्षा आहे ती पुढेमागे देता येईल, पण तीसुद्धा आधी घरी एक गोष्ट करून बघितल्यावर, ती खाली सांगतो.

आयल्ट्सचं आधी उरकतो कारण तो साधा हिशोब आहे. आयल्ट्सचा रिझल्ट २ वर्षं चालतो. लेक आत्ता नववीत, म्हणजे बारावीनंतर ॲडमिशन घ्यायला अजून साडेतीन वर्षं. आज परीक्षा दिली तर अर्ज भरायच्या वेळी तो कागद बाद झालेला असणार आणि परत फी भरून परत द्यावी लागणार. शिवाय १६ वर्षांखालच्या मुलांनी ती देऊ नये असं परीक्षा घेणारेच सांगतात, विषय आणि प्रश्न मोठ्या वयाला धरून असतात म्हणून. टोफेल नावाची तशीच दुसरी परीक्षा आहे, तिचा स्कोअरही २ वर्षंच. तेव्हा 'फ्री'मधे मिळतंय म्हणून नववीत आयल्ट्स करायचं काही कारण नाही, अकरावीच्या शेवटी किंवा बारावीत बघू.

आता सी वन. युरोपात भाषा किती येते हे मोजायला ६ पायऱ्या ठरवल्यात, ए वन, ए टू, बी वन, बी टू, सी वन, सी टू. तुमच्या क्लासवाल्यांनी ज्याला ॲडव्हान्स्ड म्हटलं ती बहुतेक केंब्रिज विद्यापीठाची सी वन ॲडव्हान्स्ड परीक्षा, म्हणजे खालून पाचवी पायरी. केंब्रिजच्या परीक्षांपैकी ए टू, बी वन आणि बी टू ह्यांच्या 'फॉर स्कूल्स' अशा शाळकरी मुलांसाठी वेगळ्या आवृत्त्या आहेत. सी वनची तशी नाही, ही गोष्ट सेमिनारमधे सांगितली होती का ते आठवून बघा. सी वनच्या रायटिंगमधे निबंध कम्पल्सरी, आणि दुसऱ्या प्रश्नात रिपोर्ट, प्रपोजल, रिव्ह्यू अशातलं एक, प्रत्येकी २२० ते २६० शब्द. चौदा वर्षांच्या पोरीने संस्थेला प्रपोजल कसलं लिहायचं, तिने अजून कुणाकडे काही मागणी लेखी केलेलीच नाही! इंग्रजी येत असूनही वय कमी पडतं अशी मुलं मी बघितलीयत. केंब्रिजने १९१३ साली अशी पहिली परीक्षा सुरू केली तीच मुळात परदेशातल्या इंग्रजी शिकवू पाहणाऱ्या मोठ्या माणसांसाठी होती, जवळपास १२ तासांचे पेपर, पहिल्या वर्षी ३ जण बसले आणि तिघंही नापास. सी वन त्यामानाने अलीकडची, १९९१ ची, तरी तिचा रोख मोठ्यांकडेच आहे.

आणि तासांचं गणित बघा. केंब्रिजचाच अंदाज आहे की पहिल्यापासून धरून बी टू पर्यंत यायला साधारण ५०० ते ६०० तास शिकणं लागतं आणि सी वनला ७०० ते ८००. म्हणजे लेक आज पक्की बी टू असली तरी पुढे आणखी २०० तास. आठवड्याला दोन तासांच्या क्लासचे वर्षाचे होतात शंभर. ती बी टू वर आहे की नाही हेच आपल्याला माहीत नाही, कुणी तपासलंय का? क्लासने ॲडमिशनच्या आधी लेव्हल टेस्ट घेतली असं तुमच्या पत्रात कुठेच नाही, मला सगळ्यात जास्त ते खटकलं.

तुम्ही म्हणाल ९२ मार्क आहेत की. आहेत, आणि ते मेहनतीचे आहेत, त्याला मी कमी म्हणत नाही. पण ते वेगळं मोजतात. शाळेच्या पेपरात बरेच उतारे वर्षभर वाचलेल्या पुस्तकातले, आणि कवितेचं अप्रिसिएशन तर मुलं गाईडमधून मुद्द्यांसकट पाठ करून येतात. स्कॉलरशिपच्या पेपरात इंग्रजीचे प्रश्न पर्यायांचे, ऑलिम्पियाडमधेही तेच, गोल काळे करायचे. त्यात स्वतःचं एक वाक्य लिहावं लागत नाही. तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहिलंय की 'निबंध पाठ असला तर छान लिहिते, विषय बदलला की अडते', माझ्या दृष्टीने अख्ख्या पत्रातली महत्त्वाची ओळ तीच आहे. ॲडव्हान्स्ड परीक्षेत नेमकं तेच तपासतात, विषय बदलल्यावर काय होतं. अवघड शब्द किती येतात ह्याला फार किंमत नसते. हल्ली मुलं रील बघून निबंधात 'प्लेथोरा' नि 'मिरियड' पेरतात, पण तपासणारा चार गोष्टींचे मार्क देतो, विचारलंय त्याचं उत्तर आलं का, वाचणाऱ्याला शोभेल अशा भाषेत आलं का, मांडणी लागली का, आणि मग शब्द-व्याकरण. हेडमास्तरांना लिहिलेलं आणि मैत्रिणीला लिहिलेलं एकाच सुरात असेल तर तिथेच मार्क जातात.

एक नमुना देतो. बी टू मधे असा प्रश्न असतो, एक वाक्य देतात, एक शब्द देतात, आणि तो शब्द न बदलता त्याच अर्थाचं दुसरं वाक्य पुरं करायचं, रिकाम्या जागेत दोन ते पाच शब्द. समजा वाक्य आहे 'आय रिग्रेट नॉट लिसनिंग टू माय मदर', शब्द 'विश', आणि पुढे 'आय... माय मदर' असं अर्धवट. गेल्या वर्षी एक नववीचीच मुलगी माझ्यासमोर बसली होती, तिने पटकन लिहिलं 'विश आय लिसन्ड टू'. पास्ट परफेक्टचा नियम तिला धडाधड पाठ होता, विचारला असता तर सांगितला असता. मी म्हटलं मराठीत म्हण बरं. म्हणाली, 'आईचं ऐकलं असतं तर...' आणि थांबलीच, पेन्सिलीने 'लिसन्ड'च्या आधी छोटंसं 'हॅड' घातलं. त्या 'असतं' मधे जे आहे तेच 'हॅड लिसन्ड' मधे आहे हे तिला तिचं तिलाच दिसलं. सी वनमधे हाच प्रकार तीन ते सहा शब्दांचा असतो आणि बराच जास्त वाकडा.

म्हणून ताई, घरात मराठी बंद करा हा सल्ला कृपा करून मनावर घेऊ नका. जिला मराठीत 'मला हे पटत नाही कारण' म्हणून चार वाक्यं एकामागे एक नीट मांडता येतात तिला इंग्रजीत मांडणी शिकवायला वेळ लागत नाही, शब्द तेवढे द्यावे लागतात. आणि जिच्याशी घरात कुणी मनमोकळं बोलतच नाही, सगळे आपापलं मोडकं इंग्रजी सांभाळत बसलेत, तिला दोन्ही भाषांत मुद्दा सुचत नाही, हे मी वर्षानुवर्षं बघतोय. आजीशी, तुमच्याशी मराठीतच बोलू दे. इंग्रजीसाठी दिवसातला वेगळा अर्धा तास ठेवा.

स्पीकिंगचंही सांगतो कारण तुम्ही लिहिलंय की वक्तृत्वात ढाली आहेत. ह्या परीक्षेत मुलं जोडीने बसतात, समोर दोन परीक्षक, एक बोलतो आणि एक नुसता ऐकून मार्क देतो. बी टू ला साधारण १४ मिनिटं, सी वनला १५. एका भागात दोघांनी मिळून एखाद्या विषयावर चर्चा करून शेवटी काहीतरी ठरवायचं असतं. माझ्याकडे वक्तृत्वात जिल्ह्यात पहिला आलेला एक मुलगा होता, सरावाला त्याची जोडीदार म्हणाली की 'शाळेत मोबाईलला परवानगी दिली तर लहान वर्गातल्या मुलांचं काय?', चांगला प्रश्न होता, आणि त्याने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही, 'रिस्पेक्टेड टीचर्स'च्या चालीवर स्वतःचं दोन मिनिटांचं भाषण म्हटलं. इंग्रजी बिनचूक! पण तिथे मार्क होते ते तिचं ऐकून, 'हो पण' किंवा 'तू म्हणतेस ते बरोबर, तरी' म्हणत पुढे नेण्याचे. त्याला ते जमायला दोन महिने लागले, ते पण धाकट्या बहिणीशी रोज वाद घालून.

आता घरी करायची गोष्ट. केंब्रिजच्या साइटवर बी टू फर्स्ट फॉर स्कूल्सचे नमुना पेपर फुकट आहेत, उत्तरं आणि ऐकायच्या ऑडिओसकट. प्रिंट काढा. एका रविवारी सकाळी रीडिंगचा पेपर, ५२ प्रश्न, घड्याळ लावून सव्वा तास, मोबाईल दुसऱ्या खोलीत. थोडी विश्रांती देऊन रायटिंग, १ तास २० मिनिटं, दोन प्रश्न, प्रत्येकी १४० ते १९० शब्द. लिसनिंग ४० मिनिटांचं आहे ते दुपारी जेवण झाल्यावर. मधे मधे डोकावून 'येतंय का' विचारू नका, आणि मार्क कमी पडले तर त्या दिवशी बोलूही नका. रीडिंग-लिसनिंग तुम्हीच तपासू शकता. ६० टक्क्यांच्या आसपास किंवा वर असेल तर बी टू ची तयारी सुरू करायला हरकत नाही, दहावीची बोर्डाची परीक्षा संपल्यावरच्या सुट्टीत देऊ दे, नववी-दहावीच्या मधे कोंबू नका. ४० च्या खाली असेल तर आधी बी वन चा पेपर करून बघा आणि वर्षभर फक्त वाचन-लेखन.

लेखनाला वेगळं पुस्तक लागत नाही, तिच्या कृतिपत्रिकेतच व्ह्यू-काउंटरव्ह्यू, पत्र, स्पीच, माहितीचं रूपांतर असे प्रश्न आहेत. प्रश्न चांगलेच आहेत, मुलं ते गाईडमधून पाठ करतात म्हणून वाया जातात. आठवड्याला एक, गाईड न उघडता, विषय तुम्ही द्या, घरातलाच, म्हणजे 'गॅलरीत कुंड्या ठेवायच्या की सायकल' इतका साधा चालेल. एकदा एका बाजूने, दुसऱ्या दिवशी उलट बाजूने. तुमचं इंग्रजी बेताचं आहे असं लिहिलंयत, त्याने काही अडत नाही, तुम्ही फक्त विचारा की हे वाक्य त्याच्या आधीच्या वाक्यानंतर का आलं. सांगता आलं नाही तर ती स्वतःच खोडेल.

सर्टिफिकेट कुठे उपयोगी पडतं तेही मोकळेपणाने सांगतो. सी वनवर एक्स्पायरीची तारीख नसते आणि परदेशातली बरीच विद्यापीठं ते मानतात, पण काही ठिकाणी ते अलीकडचंच लागतं. ब्रिटनमधली काही विद्यापीठं बारावीच्या इंग्रजीच्या मार्कांवरच ही अट माफ करतात, कुठलं बोर्ड आणि किती टक्के हे प्रत्येकाचं वेगळं. तेव्हा देश आणि कोर्स ठरल्यावर त्या विद्यापीठाच्या साइटवर बघायचं आणि मग परीक्षा निवडायची. 'ॲडमिशन झालंच समजा' असं कुठल्याच भाषेच्या सर्टिफिकेटने होत नाही, विषयाचे मार्क लागतातच, पैशाची सोय लागते. आणि उद्या तिचा विचार बदलून इथेच लॉ करायचं ठरलं तर क्लॅटमधे साडेचारशे शब्दांपर्यंतचे उतारे वाचून उत्तरं द्यायची असतात, एनडीएला जावंसं वाटलं तर ९०० पैकी २०० मार्क इंग्रजीचे, तिथे सर्टिफिकेट कुणी विचारत नाही, भराभर वाचून अर्थ लावता येतो का तेवढंच बघतात. वर्षभराचं वाचन तिथेही कामी येईल.

सीट भरत आल्यात म्हणून क्लासवाले फोन करतील. त्यांना विचारा की लेव्हल टेस्ट कधी घेणार, लेखन कोण तपासणार आणि तपासलेला एक कागद दाखवाल का. हे नीट दाखवणारा क्लास असेल तर पुढे जरूर विचार करू, माझा क्लासला विरोध नाही.

रविवारचा पेपर झाला की रायटिंगची दोन्ही पानं फोटो काढून मला पाठवा, खाडाखोड असली तरी तशीच, परत फेअर करून नको. कुठे अडली ते मला त्या खाडाखोडीतूनच कळेल. आणि तिला विचारा, बाहेर जाऊन तिला नक्की काय शिकायचंय? पत्रात तेवढं एक राहून गेलंय.