आजारपणाचे तीन दिवस आणि आठ दिवसांची पगारकपात

प्रश्न : मी पुण्यातील एका खासगी कंपनीत लेखा विभागात सहायक म्हणून चार वर्षे काम करते. कार्यालयात सुमारे 45 कर्मचारी आहेत आणि माझा पगार दरमहा 31,000 रुपये आहे. डिसेंबरमधील एका शुक्रवारी पहाटे पोटात असह्य दुखू लागले. कार्यालय साडेनऊला सुरू होते, पण साहेबांना व्हॉट्सअ‍ॅपवर कळवायला मला सव्वाअकरा वाजले. शनिवारी संध्याकाळी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सोमवारपर्यंत विश्रांती घेण्यास सांगितले आणि मंगळवारी मी कामावर हजर झाले. कंपनीने मधला रविवार धरून चार दिवसांची गैरहजेरी लावली आणि पूर्वपरवानगी नव्हती म्हणून दुप्पट, म्हणजे आठ दिवसांचा 8,000 रुपये पगार कापला. माझ्या पाच किरकोळ रजा तेव्हा शिल्लक होत्या. शिवाय मेमो दिला आहे. त्यात सोनोग्राफीचा अहवाल, शुक्रवारपासूनचे वैद्यकीय प्रमाणपत्र आणि माफीपत्र मागितले असून, पुन्हा असे घडल्यास 'नोकरी सोडली असे समजण्यात येईल' असे लिहिले आहे. माझा त्रास स्त्रीरोगाशी संबंधित असल्याने अहवाल दाखवणे मला नको वाटते. ओळखीचे एक डॉक्टर शुक्रवारच्या तारखेचे प्रमाणपत्र द्यायला तयार आहेत. ते घ्यावे का?

उत्तर : तुमच्या पत्रातील शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीच्या गोष्टी नंतरही सुधारता येतील, ही चूक मात्र सुधारता येणार नाही. ते प्रमाणपत्र घेऊ नका. ज्या डॉक्टरांनी शुक्रवारी तुम्हाला तपासलेच नाही, त्यांनी त्या दिवसाची तारीख घालून दिलेला कागद खोटा ठरतो. तो देणारा डॉक्टर आणि खरा म्हणून वापरणारी व्यक्ती, दोघांनाही फौजदारी कायद्याची झळ लागू शकते. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचरणाच्या 2002 च्या विनियमांनुसार दिलेल्या प्रत्येक प्रमाणपत्राची नोंद त्यांना नोंदवहीत ठेवावी लागते, त्यामुळे अशी तारीख पडताळणीत टिकत नाही. आज तुमची बाजू खरी आहे आणि तुमच्यावरचा आरोप उशिरा कळवल्याचा, म्हणजे किरकोळ आहे. खोटा कागद जोडलात तर कंपनीच्या हाती गैरवर्तनाचे खरे कारण जाईल.

त्याऐवजी शनिवारी ज्यांनी तपासले त्याच डॉक्टरांकडे जा. 'रुग्णाने आदल्या दिवशीपासून त्रास होत असल्याचे सांगितले; शनिवारी तपासणी केली; सोमवारपर्यंत विश्रांतीचा सल्ला दिला' असे, त्या दिवशीच्या नोंदींवर आधारलेले आणि लिहून देण्याच्या दिवसाची खरी तारीख असलेले प्रमाणपत्र ते कायदेशीरपणे देऊ शकतात. तुमच्या वैद्यकीय नोंदी मागण्याचा तुम्हाला अधिकार आहे आणि मागणी केल्यापासून 72 तासांत त्या द्याव्यात असे तेच विनियम सांगतात.

आता रजेकडे वळू. महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापनांसाठीच्या 2017 च्या अधिनियमात 'आजारपणाची रजा' नावाची वेगळी भरपगारी रजा नाही. अनेकांना हे ऐकून आश्चर्य वाटते, कारण बहुतेक कार्यालयांत 'एसएल', म्हणजे 'सिक लीव्ह', हा शब्द रुळलेला असतो. ती रजा मिळते ती नेमणूकपत्रामुळे किंवा कंपनीच्या धोरणामुळे. म्हणून ती दोन्ही कागदपत्रे आधी नीट वाचा. अधिनियमाने मात्र प्रत्येक कामगाराला वर्षाला आठ दिवस भरपगारी किरकोळ रजा दिली आहे. ती तिमाहीच्या हिशोबाने जमा होते आणि वर्षअखेर न वापरल्यास बुडते. त्याशिवाय आधीच्या वर्षी 240 दिवस काम केलेल्याला, केलेल्या कामाच्या दर वीस दिवसांमागे एक दिवस या प्रमाणात भरपगारी रजा मिळते आणि ती 45 दिवसांपर्यंत साठवता येते. लेखा सहायकाचे काम कारकुनी स्वरूपाचे असल्याने तुम्ही या अधिनियमातील 'कामगार' या व्याख्येत बसता, पदाचे नाव कितीही मोठे असले तरी.

डिसेंबरपर्यंत आठही दिवस तुमच्या खात्यात जमा झालेले होते आणि त्यांतील पाच शिल्लक होते. गैरहजेरी तीन कामाच्या दिवसांची होती. पूर्वपरवानगी नव्हती म्हणून ही रजा देता येत नाही, हा कंपनीचा युक्तिवाद मला पटत नाही. पहाटे उठलेल्या दुखण्याची परवानगी आदल्या संध्याकाळी कोण मागणार? किरकोळ रजा असते तीच अशा अचानक आलेल्या अडचणींसाठी. कंपनी रजेची पद्धत ठरवू शकते, पण त्या पद्धतीने कायद्याने दिलेली रजा निरुपयोगी करता येत नाही. वर्ष उलटल्यामुळे रजा बुडाली असे कोणी सांगितले तर तेही मान्य करू नका, कारण गैरहजेरी रजा बुडण्यापूर्वीची आहे आणि ती तेव्हाच त्या खात्यात टाकायला हवी होती.

कपातीबाबत कायदा अधिक स्पष्ट आहे. वेतन संहिता, 2019 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे. पूर्वीच्या वेतन प्रदान अधिनियमाला दरमहा 24,000 रुपयांची मर्यादा असल्यामुळे तुमच्यासारखे कर्मचारी त्याच्या बाहेर राहत. संहितेच्या कपातीविषयक तरतुदींना अशी मर्यादा नाही. ज्या काळात कर्मचाऱ्याने कामावर असणे नेमणुकीच्या अटींनुसार आवश्यक होते, त्या काळातील गैरहजेरीपुरतीच आणि तेवढ्याच प्रमाणात कपात करता येते, असे संहिता म्हणते. रविवारी तुम्हाला कामावर असायचेच नव्हते. मग त्या दिवशी तुम्ही गैरहजर कशा ठरता? 'सँडविच रजा', म्हणजे दोन रजांमधली सुट्टीही रजेतच मोजणे, हा कार्यालयांचा लाडका नियम रजेच्या हिशोबात काही कंपन्या लिहून ठेवतात, परंतु पगार कापण्याचा अधिकार त्यातून निर्माण होत नाही. डिसेंबरच्या 31 दिवसांच्या हिशोबाने तुमच्या एका दिवसाचा पगार 1,000 रुपये होतो. एकही रजा शिल्लक नसती तरी कपात 3,000 रुपयांपलीकडे जाऊ शकली नसती.

उरलेली रक्कम ही प्रत्यक्षात दंड आहे. दंडासाठी संहितेने वेगळी वाट घालून दिली आहे : कोणत्या कृत्यांसाठी दंड होईल याला शासनाची पूर्वमान्यता हवी, ती कृत्ये सूचनेद्वारे जाहीर केलेली हवीत, कर्मचाऱ्याला कारण दाखवण्याची संधी द्यायला हवी आणि एका वेतन कालावधीतील एकूण दंड वेतनाच्या तीन टक्क्यांपेक्षा, तुमच्या बाबतीत 930 रुपयांपेक्षा, जास्त असता कामा नये. यांपैकी काहीही घडलेले दिसत नाही.

कंपनीची बाजू मी नाकारत नाही. कर्मचारी येणार की नाही हे कामाची वेळ सुरू होण्याआधी किंवा शक्य तितक्या लवकर समजावे, ही अपेक्षा रास्त आहे आणि पावणेदोन तासांचा उशीर तुमच्या बाजूने झाला आहे. तो लपवू नका. वेदनेमुळे उशीर झाला असे सरळ लिहा. काही दिवसांच्या आजारासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र मागणेही गैर नाही. मात्र प्रमाणपत्र मागणे आणि सोनोग्राफीचा अहवाल मागणे यांत मोठा फरक आहे. मालकाला जाणून घ्यायचे असते ते इतकेच की अमुक दिवस तुम्ही काम करण्याच्या स्थितीत नव्हता आणि आता आहात. प्रमाणपत्राच्या प्रचलित नमुन्यात आजाराच्या नावासाठी जागा असते, पण रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे; त्यामुळे तुमच्या विनंतीवरून ते सर्वसाधारण शब्दांत लिहू शकतात. कंपनीला खरोखर शंका असेल तर तिच्या खर्चाने, तिने सुचवलेल्या महिला डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यायला तुम्ही तयार आहात, असे स्वतःहून कळवा. अहवाल मात्र साहेबांच्या टेबलावर ठेवण्याचे काहीही कारण नाही.

मेमोतील धमकीमुळे झोप उडवून घेऊ नका. डी. के. यादव विरुद्ध जे. एम. ए. इंडस्ट्रीज या 1993 च्या प्रकरणात कंपनीच्या स्थायी आदेशांतच, म्हणजे नोकरीच्या अटींच्या नियमावलीतच, आठ दिवसांपेक्षा अधिक विनापरवानगी गैरहजेरी म्हणजे नोकरी आपोआप संपणे, असे लिहिलेले होते. तरीही म्हणणे मांडण्याची संधी न देता कामगाराला काढता येणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले आणि त्याला 50 टक्के मागील वेतनासह कामावर घ्यायला लावले. कृष्णकांत परमार या कर्मचाऱ्याच्या प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या 2012 च्या निकालात तर, गैरहजेरी हेतुपुरस्सर असल्याचे सिद्ध झाल्याशिवाय ती गैरवर्तन ठरत नाही, असे म्हटले आहे. तो निकाल केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याचा होता, हे मी मुद्दाम नमूद करतो, पण त्यातील तत्त्व तुमच्या उत्तरात उपयोगी पडेल.

माफीपत्रावर सही करू नका, कारण ते पुढे कबुली म्हणून वापरले जाते. मेमोला मात्र उत्तर द्याच, आणि दिलेल्या मुदतीत द्या. मजकूर थोडक्यात असा असावा : 'अमुक तारखांना आजारपणामुळे मी कामावर येऊ शकले नाही. पहिल्याच दिवशी सव्वाअकरा वाजता मी कळवले होते. तीव्र वेदनेमुळे त्यापूर्वी कळवता आले नाही. डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. माझ्या खात्यातील पाच किरकोळ रजांपैकी तीन या दिवसांसाठी धराव्यात आणि कापलेले 8,000 रुपये परत करावेत.' हे ई-मेलने पाठवा, छापील प्रतीवर पोच घ्या आणि व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेशांचे तारीख व वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घरच्या संगणकावर ठेवा. डिसेंबरची वेतनचिठ्ठीही मागून घ्या. ती देणे मालकावर बंधनकारक आहे.

कर्मचारी राज्य विमा योजनेबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण शेजारच्या टेबलावरील कोणाचे वेतन दरमहा 21,000 रुपयांपर्यंत असेल तर त्यांची वाट वेगळी आहे : अंशदानाची (योजनेत भरायच्या हप्त्यांची) अट पूर्ण असल्यास त्यांना आजारपणात वेतनाच्या 70 टक्के लाभ वर्षाला 91 दिवसांपर्यंत मिळू शकतो. तुमचे वेतन या मर्यादेच्या वर असल्याने तो लाभ तुम्हाला लागू नाही.

पंधरा दिवसांत पैसे परत आले नाहीत तर कामगार आयुक्तालयाच्या पुण्यातील कार्यालयात लेखी तक्रार करा. बेकायदा कपातीचा दावा करण्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे, देणे चुकते केले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे आणि प्राधिकारी दाव्याच्या रकमेखेरीज तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा आदेश करू शकतात. तरी पहिले पत्र सौम्य भाषेतच लिहा. चार वर्षांची नोकरी तुम्हाला टिकवायची आहे आणि 45 माणसांच्या कार्यालयात हिशोबाची चूक दाखवून दिल्यावर पैसे परत आल्याची उदाहरणे मी वकिलीत अनेकदा पाहिली आहेत. उत्तर पाठवण्यापूर्वी नेमणूकपत्र आणि मेमो एखाद्या स्थानिक कामगार वकिलाला दाखवून घ्या, कारण ते दोन्ही कागद मी प्रत्यक्ष पाहिलेले नाहीत.