चूक ओळखायच्या प्रश्नांत कान वापरायचा की नियम?

तुम्ही विचारलंय की, एमबीए प्रवेशाची जीमॅट, अमेरिकन कॉलेजप्रवेशाची सॅट अशा परीक्षांत इंग्रजी वाक्यातली चूक शोधताना कानाला खटकेल ते खोडावं, की नियम पाठ करावेत? क्लासमधले सर तुम्हाला म्हणाले, "मराठीत विचार करणं आधी बंद कर." हे वाचलं आणि राहवलं नाही, कारण हेच वाक्य मी भर वर्गात ऐकून घेतलंय.

आमच्या सरांचे दोन मंत्र होते. सर्वांत लहान पर्याय बरोबर, आणि 'बीइंग' दिसलं की काट मारा. एक दिवस फळ्यावर वाक्य आलं, 'वॉकिंग थ्रू द म्यूझियम, द पेंटिंग्ज इम्प्रेस्ड द व्हिजिटर्स.' सर म्हणाले, पर्याय ए, म्हणजे आहे तेच वाक्य, लहान, सुटसुटीत. मी हात वर करून म्हटलं, "सर, यात चित्रं चालतायत." वर्ग हसला. कसं कळलं, असं विचारल्यावर मी खरं ते सांगितलं. मनातल्या मनात मराठी करून पाहिलं, 'संग्रहालयात फिरून चित्रांनी लोकांना भुरळ घातली', आणि दाताखाली खडा आला. त्यावर सरांचं ते वाक्य आलं. मी पुस्तकाच्या मागची उत्तरं उघडून दाखवली, तिथे डी होता: 'ॲज दे वॉक्ड थ्रू द म्यूझियम, द व्हिजिटर्स वेअर इम्प्रेस्ड बाय द पेंटिंग्ज.' लांबलचक, वर पॅसिव्ह. सर म्हणाले, छपाईची चूक आहे. आणि मलाच पेन्सिलीने तो डी खोडून ए लिहायला लावला.

आता यातली खरी गंमत. 'फिरताना चित्रांनी भुरळ घातली' असं केलं असतं तर मलाही काही खटकलं नसतं, कारण '-ताना'ला मराठीत कर्ता वेगळा चालतो. '-ऊन'ला चालत नाही. 'घरी पोहोचून पाऊस सुरू झाला' असं आपण कुणी बोलत नाही. म्हणून स्वल्पविरामाआधी '-इंग'वालं शेपूट दिसलं की त्याचं '-ऊन' करा आणि पुढचा कर्ता ते काम करतोय का बघा. हा नियम मला कुठल्या क्लासने दिला नाही, मराठीने दिला.

पण इडियममध्ये, म्हणजे कुठल्या शब्दापुढे कुठला शब्द लागतो या ठरलेल्या जोड्यांत, हाच कान दगा देतो. पुढच्याच आठवड्यात मी 'सुपीरियर दॅन' बरोबर ठरवलं आणि सरांनी माझा पेपर मोठ्याने वाचून उट्टं काढलं. दोष 'पेक्षा'चा. आपल्याकडे सगळीकडे एकच 'पेक्षा', तिकडे 'बेटर दॅन' पण 'सुपीरियर टू'. तसंच 'मनाई': 'फॉरबिड'नंतर 'टू', 'प्रोहिबिट'नंतर 'फ्रॉम'. तसंच 'मानणे': 'रिगार्ड'ला 'ॲज' लागतं, 'कन्सिडर'ला परीक्षेत लावायचं नाही. का, असं विचारू नका, तसं आहे. पाचशे इडियमच्या पीडीएफ फेकून द्या. जिथे एका मराठी शब्दाच्या वाट्याला दोन इंग्रजी शब्द येतात तेवढ्याच जागा वहीत उतरवा. तुम्ही तिथेच चुकणार.

'बीइंग'चं म्हणाल तर 'बिसाइड्स बीइंग चीपर, द न्यू मेथड इज सेफर' यात काडीची चूक नाही. या मंत्रापायी माझा एका मॉकमध्ये प्रश्न गेला, ते अजून डोक्यात आहे.

आणि नियमांचीही फार पूजा नको. ऑक्टोबर २००२ च्या पीसॅटमध्ये, म्हणजे सॅटआधीच्या सराव परीक्षेत, अमेरिकन कादंबरीकार टोनी मॉरिसन यांच्यावर एक वाक्य होतं, उत्तर 'चूक नाही'. एका शिक्षकाने हरकत घेतली की 'मॉरिसन्स' हे षष्ठीतलं रूप असल्याने पुढचं 'हर' त्याला जोडता येत नाही. परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाने आधी ऐकलं नाही, शेवटी २००३ मध्ये प्रश्न रद्द करून गुण पुन्हा मोजले. मला विचाराल तर वाक्य चांगलं होतं, वाचणाऱ्या कुणाचाही गोंधळ झाला नसता. पण नियमावर बोट ठेवलं तर खुद्द परीक्षा घेणाऱ्यांनाही माघार घ्यावी लागते, एवढं लक्षात असू द्या.

हे आधीच सांगायला हवं होतं: तुम्ही जीमॅट देणार असाल तर नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या नव्या रूपात वाक्यदुरुस्तीचे प्रश्नच नाहीत. सॅटमध्ये मात्र वाचन-लेखनाच्या ५४ पैकी ११ ते १५ प्रश्न व्याकरणाचे असतात, आणि तिथे '-ऊन' कामाला येईल. सर्वनामांच्या घोळात ते काही उपयोगाचं नाही, तिथे शांतपणे 'कोण?' विचारत बसावं लागतं.

पुस्तक अजून माझ्याकडे आहे. तो डी मी परत लिहिलाय, शाईच्या पेनाने.