२००४ च्या झेनला फॉग लाइट लावताना हेडलाइटच्या वायरीलाच जोड मारला तर चालेल का?

तुम्ही विचारलंय की गाडी २००४ ची झेन आहे, हिवाळ्यात पहाटे नागपूरहून सिवनीला जावं लागतं, कन्हानच्या पुढे धुक्यात रस्ता दिसत नाही, आणि दुकानदार म्हणतो, "हेडलाइटच्या वायरीला जोड मारून अर्ध्या तासात लावून देतो."

नका लावून घेऊ भाऊ. माझं ऑटो इलेक्ट्रिकचंच काम आहे. असा जोड मारलेल्या गाडीचा हेडलाइटचा कनेक्टर काढून पाहिला की पांढरं प्लास्टिक तपकिरी पडलेलं राहते, एक पिन निळसर झालेली, आणि वायर बोटाने वाकवली की तिच्यावरचं आवरण कडकड तुटते. पिन तापली की सैल होते, सैल झाली की आणखी तापते. त्यात आपल्याकडचा मे महिना, बॉनेटखाली तर विचारूच नका.

हिशोब सोपा आहे. ५५ वॅटचा एक हॅलोजन १२ व्होल्टवर साडेचार अँपियरच्या थोडा वर ओढतो, म्हणजे जोडी नऊच्या पुढे. तुमच्या हेडलाइटची जोडीही तेवढीच ओढते. कंपनीने वायर, स्विच आणि फ्यूज एका जोडीच्या हिशोबाने दिलेत, तुम्ही त्यांच्यावर दोन लादणार. जळालं नाही तरी उजेड जातोच. बारीक वायरीत एक व्होल्ट खाल्ला गेला तर हॅलोजनचा उजेड जवळपास चौथा हिस्सा घटतो. म्हणजे नवे दिवे लावून जुनेही मंद.

म्हणून रिले लागतो, म्हणजे स्विचच्या थोड्याशा करंटवर मोठ्या करंटची वायर जोडणारा-तोडणारा छोटा डबा. चार पिनचा साधा १२ व्होल्टचा, घाट रोडला कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात भेटतो. त्याच्या पायांवर आकडे छापलेले असतात. ३० नंबरला बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून थेट वायर आणायची, मध्ये १५ अँपियरचा फ्यूज. हा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा, कारण फ्यूजच्या आधीची वायर कुठे घासून बॉडीला लागली तर तिला वाचवणारं कोणी नाही. ८७ वरून दोन्ही दिव्यांना वायर न्यायची. या जाड वायरी अडीच स्क्वेअर मिमीच्या घ्या. ८५ ला अर्थिंग, आणि ८६ ला डॅशबोर्डवरच्या स्विचकडून येणारी बारीक वायर. स्विचमधून फक्त रिलेच्या कॉइलपुरता करंट जातो, तो अँपियरचा छोटासा अंश, त्यामुळे साधा स्विचही वर्षानुवर्षं टिकतो.

या स्विचला सप्लाय कुठून द्यायचा, इथे पुष्कळ जण घोळ घालतात. हेडलाइटवरून नका घेऊ. काही जुन्या गाड्यांत हेडलाइटला पॉझिटिव्ह कायम राहते आणि स्विच अर्थिंग जोडतो-तोडतो. तुमच्या गाडीत कसं आहे ते टेस्ट लॅम्प लावल्याशिवाय बोलायचं नाही. पार्किंग लाइटच्या पॉझिटिव्हवरून घ्या. मग पार्किंग चालू असेल तरच फॉग लाइट लागतील आणि गाडी बंद करून घरी गेल्यावर बॅटरी उतरायची भीती कमी. वायर आत न्यायला नवीन भोक पाडू नका, बॉनेटची केबल जिथून जाते तिथल्या रबरातूनच सरकवा.

अर्थिंगवर थोडा वेळ घालवा. झेनचा बंपर प्लास्टिकचा. त्याला दिव्याची क्लिप कसली आणि "बॉडीला अर्थ मिळाला" असं समजलं, की दिवा लागेल तरी मिणमिणता नाहीतर लागणारच नाही. दिव्याची काळी वायर चेसिसच्या लोखंडापर्यंत न्या, तिथला रंग पॉलिशपेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची कडी) लावून नट घट्ट करा, वरून ग्रीस. नुसता पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड आमच्याकडे पावसाळ्यानंतर हिरवा होऊन परत येतो. रिलेही पाय खाली करून बसवा, पाणी आत साचत नाही.

सगळं झालं की इंजिन चालू ठेवून, दिवे लावून मल्टिमीटरने बॅटरीच्या पॉझिटिव्ह आणि दिव्याच्या पॉझिटिव्हमधला फरक बघा. अर्धा व्होल्टच्या आत असला पाहिजे. अर्थिंगच्या बाजूनेही तसंच.

आता दिव्यांबद्दल. दुकानात १०० वॅटचे बल्ब हमखास दाखवतील. घेऊ नका. धुक्यात जास्त उजेड म्हणजे समोर जास्त पांढरी भिंत. फॉग लाइटचं काम दूर दाखवणं नाही, जवळचा रस्ता आणि कडेची पांढरी पट्टी दाखवणं आहे. त्याचा झोत रुंद आणि चपटा हवा, वरच्या बाजूला सरळ रेघ मारल्यासारखा कापलेला, म्हणजे डोळ्यांच्या उंचीवरच्या धुक्यावर उजेड पडून परत येत नाही. दुकानातच भिंतीवर टाकून बघा. स्वस्तातल्या एलईडीत ही रेघ बहुतेक वेळा नसतेच, उजेड चौफेर उडतो. हॅलोजनच्या दिव्यात एलईडी बल्ब कोंबायचा सल्लाही ऐकू नका, तो रिफ्लेक्टर फिलामेंटच्या जागेच्या मापाने बनलेला असतो.

पिवळा की पांढरा? पिवळा उजेड धुकं भेदून जातो असं सगळे सांगतात, तसं काही नसतं. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरीपेक्षा एवढे मोठे असतात की सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. पिवळ्यात निळा भाग गाळलेला असल्यामुळे डोळ्यांना चकाकी कमी त्रास देते, एवढाच फायदा. मला स्वतःला पिवळाच आवडतो.

दिवे खाली बसवा, बंपरमध्ये गोल खाच असेल तर तिथेच, हेडलाइटच्या वर तर मुळीच नाही. सपाट जागी भिंतीपासून २५ फुटांवर गाडी उभी करून झोताची वरची रेघ दिव्याच्या मध्यापेक्षा चार इंच खाली येईल असं सेट करा. तेव्हा गाडीत नेहमीइतकं वजन असू द्या. मागे चार पोती टाकून निघाल की नाक वर होतं आणि केलेली मेहनत वाया. बल्बच्या काचेला उघडं बोट लावू नका, तेलकट डाग तापून काच फुटते.

आणि दुकानदाराला सांगा, अर्ध्या तासात नको, दुपार लागली तरी चालेल. मजुरी थोडी जास्त देऊन टाका. मनसर, देवलापार असं जंगलातून जाताना धुकं नसेल तेव्हा हे दिवे बंद ठेवा, समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याच्या डोळ्यांत उगाच कशाला.