पुणे सोडताना पगार किती सोडायचा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: वाकडला भाड्याने राहता, पगार महिना दीड लाख ग्रॉस (कर, पीएफ कापण्याआधीचा), याच कंपनीत सात वर्षं झाली. आता कायमचं घरून काम मिळालंय, म्हणून कोल्हापूरला आईवडिलांकडे जायचंय. एचआरचं म्हणणं, कोल्हापूर स्वस्त आहे, तेव्हा पगार १२ टक्के कमी होईल. मान्य करावं का?

बरेच जण म्हणतील, भाडं वाचतंय ना, मग करा मान्य. मीही २०२१ मध्ये असंच म्हटलं होतं. पुणं सोडून रत्नागिरीला आले, १० टक्के कपात फोनवरच 'चालेल' म्हणून टाकली. कसं चाललं ते पुढे सांगते, आधी तुमचा हिशोब.

१२ टक्के म्हणजे महिन्याला १८,००० रुपये. पगार कमी झाला की करही कमी होतो, त्यामुळे नव्या करप्रणालीत हातातली घट साधारण साडेचौदा हजारांची (पीएफ बाजूला ठेवून, ठोकळ मानाने). वाकडचं टू बीएचके मेंटेनन्ससकट तीस हजार धरू. म्हणजे तीस वाचणार आणि त्यातले जवळपास निम्मे कंपनी काढून घेणार. तरी पंधरा हजार उरतात की, असं वाटेल. थांबा जरा.

पुणं आणि कोल्हापूर यांत खरोखर स्वस्त-महाग काय असतं? घर. त्याखालोखाल मुलांची शाळा आणि कामाला येणाऱ्या मावशींचा पगार. बाकी फार काही नाही. महावितरणचा दर दोन्हीकडे एकच, उलट दिवसभर घरी बसल्यामुळे युनिट वाढतात. मोबाइल, लॅपटॉप, आरोग्य विम्याचा हप्ता, गाडीचा ईएमआय या गोष्टी तुमचा पिनकोड बघत नाहीत. भाजी थोडी स्वस्त मिळेल. मासळीचं मात्र रत्नागिरीत राहूनही सांगते, बंदर जवळ आहे म्हणून सुरमई स्वस्त मिळते हा पुणेकरांचा गोड गैरसमज आहे.

शिवाय नवे खर्च येतात. दुसऱ्या कंपनीचं इंटरनेट कनेक्शन घ्यावंच लागतं, कारण पहिलं नेमकं क्लायंट कॉलच्या वेळी जातं. इन्व्हर्टर लागतो. माझ्याकडे पहिल्याच पावसाळ्यात झाड पडून वायर तुटली आणि तीन दिवस मी ओळखीच्यांच्या दुकानात बसून काम केलं. मग दोन बॅटऱ्या घेतल्या. तुम्हाला महिन्यातून एकदा ऑफिसला बोलावलं तर खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी असे चार टोलनाके जाता-येता, वर पेट्रोल. गाडीने गेलात तर चारेक हजार सहज जातात, मुक्काम वेगळा. हा प्रवासखर्च कोण देणार हे आत्ताच विचारा. तुमचं बेस लोकेशन कागदोपत्री 'कोल्हापूर' झालं असेल तर पुण्याची फेरी हा कामाचा दौरा ठरायला हवा. बहुतेक एचआरने याचा विचारच केलेला नसतो.

आणि सगळ्यात मोठा खर्च कुठल्याच तक्त्यात नसतो. माझा नवरा चाकणला होता. आमच्या घरात एकच नोकरी रिमोट होती, त्याची नव्हती. इथे त्याला मिळालेली नोकरी आधीच्या निम्म्या पगाराची. तुम्ही दोघं कमावत असाल तर आधी हा आकडा मांडा, भाड्याचं नंतर बघू.

आता कंपनीच्या बाजूने. ही कपात तुमच्या किराणा बिलाकडे बघून ठरत नाही. तुमच्या जागी त्या गावात दुसरा माणूस कितीला मिळेल, यावर ठरते. फेसबुकने मे २०२० मध्येच जाहीर केलं होतं की दुसऱ्या गावी राहायला गेलात तर पगार त्या ठिकाणाप्रमाणे बदलेल. गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत सगळेच घरून काम करतात, तरी तिथे पगाराच्या सूत्रात ठिकाणाचा गुणक उघडपणे असतो. उलट बेसकॅम्प हे सॉफ्टवेअर बनवणारी थर्टीसेव्हन सिग्नल्स ही कंपनी तुम्ही कुठेही बसा, सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजारभावाने पगार देते. म्हणजे हा काही निसर्गनियम नाही, धोरण आहे, आणि धोरणावर बोलता येतं.

मात्र 'काम तेच, मग पगार गावावर का?' हा मुद्दा फार ताणू नका. आपलं अख्खं हिंजवडी आयटी पार्क त्याच तत्त्वावर उभं आहे. तेच काम अमेरिकेपेक्षा पुण्यात स्वस्तात होतं म्हणून ते इथे आलं. एचआरमध्ये कोणी हुशार असेल तर तो हे तुम्हाला ऐकवेल आणि तुम्ही गप्प बसाल.

त्यापेक्षा सरकारी पद्धत पुढे करा. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याची पुण्याहून कोल्हापूरला बदली झाली तर त्याच्या बेसिकला, म्हणजे मूळ पगाराला, कोणी हात लावत नाही. शहराप्रमाणे बदलतो तो मुख्यतः घरभाडे भत्ता. एक्स, वाय, झेड अशी शहरांची वर्गवारी आहे. पुणं एक्समध्ये, कोल्हापूर वायमध्ये, आमची रत्नागिरी झेडमध्ये. सातव्या वेतन आयोगात हा भत्ता बेसिकच्या २४, १६ आणि ८ टक्क्यांपासून सुरू झाला आणि महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यावर ३०, २० आणि १० टक्के झाला. तत्त्व साधं आहे: कौशल्याची किंमत बेसिकमध्ये, गावाची किंमत घरभाड्यात.

हेच तुम्हाला लावून बघू. ग्रॉसच्या निम्मं बेसिक धरलं तर ७५,००० रुपये. पुण्याचा भत्ता २२,५००, कोल्हापूरचा १५,०००. फरक ७,५००, म्हणजे तुमच्या ग्रॉसच्या ५ टक्के. कंपनी मागतेय १२. तुमची बोलणी या ५ टक्क्यांपासून सुरू व्हायला हवीत, आणि तेही फक्त घरभाडे भत्त्यातून.

बेसिकला हात का लावू द्यायचा नाही? एक तर पीएफ बेसिकवर ठरतो. पण बऱ्याच जणांच्या लक्षात न येणारी गोष्ट ग्रॅच्युइटीची, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीकडून मिळणाऱ्या एकरकमी पैशांची. ती शेवटच्या बेसिकवर मोजतात आणि मागच्या सगळ्या वर्षांना तोच आकडा लागतो: बेसिक गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं. ७५,००० वर सात वर्षांची ग्रॅच्युइटी होते सुमारे ३ लाख ३ हजार. बेसिक १२ टक्क्यांनी खाली आणून ६६,००० केलं की तीच होते २ लाख ६६ हजारांच्या आसपास. म्हणजे वाकडचं भाडं भरत पुण्यात केलेल्या सात वर्षांच्या नोकरीलाही कोल्हापूरचा दर लागला. छत्तीस हजार रुपये एका सहीत गेले.

इन्क्रिमेंटही कमी झालेल्या पगारावर. दरवर्षी ८ टक्के वाढ मिळाली तरी १२ टक्क्यांचा खड्डा भरायला दोन अप्रेझल जातात.

आता माझं. २०२३ मध्ये कंपनीने सगळ्यांना आठवड्याचे तीन दिवस ऑफिसला बोलावलं. मी विचारलं, पुण्याला परत यायचं तर माझे १० टक्के परत द्या. उत्तर आलं, कपातीच्या पत्रात तसं काही लिहिलेलं नाही. खरंच नव्हतं. मी ते पत्र नीट वाचलंच नव्हतं. नोकरी बदलली, तर नव्या ठिकाणी मागच्या तीन महिन्यांच्या स्लिपा मागितल्या आणि ऑफर त्या कापलेल्या पगारावर अमुक टक्के अशी आली. जवळजवळ महिनाभर भांडून थोडी वाढवून घेतली, पण पुण्यात राहिलेल्या माझ्या बरोबरीच्यांच्या मागेच राहिले, अजूनही आहे.

रत्नागिरी सोडायची नाही हे मात्र ठरलंय. सासूबाई आहेत, अंगण आहे, मुलगी चालत शाळेत जाते. यासाठी काही हजार सोडायला मी तेव्हाही तयार होते. राग येतो तो नेमके किती सोडतेय हे मोजलं नाही याचा.

म्हणून फोनवर हो म्हणू नका, मेल लिहा. त्यात तीन गोष्टी हव्यात: कपात फक्त घरभाडे भत्त्यातून आणि ५ टक्क्यांच्या आसपास, कंपनीनेच पुण्याला परत बोलावलं तर रुजू होण्याच्या तारखेपासून भत्ता पूर्ववत, ऑफिसच्या फेऱ्यांचा खर्च कंपनीचा. पहिलीवर घासाघीस होईल, सात-आठ टक्क्यांवर तुटलं तरी वाईट नाही. दुसरी मात्र सोडू नका.

आणि मेल पाठवायच्या आधी या महिन्याची स्लिप उघडून खरं बेसिक बघा. मी ७५,००० धरलंय, तुमचं वेगळं असेल तर वरचे आकडे बदलतील. बेसिक आणि घरभाडे भत्ता इथे लिहिलात तर हिशोब पुन्हा मांडून देते.